माननीय सदस्य कधीच खोटं बोलत नसतात

गेल्या महिन्यात दादरला एका हॉलात व्याख्यान झालं. विषय होता संसदीय वादविवादाची संस्कृती. वक्ते प्राध्यापक. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की माणसं नावावर भांडतात आणि मुद्दा कडेला बसतो. मी रात्रपाळी उरकून, चार तास झोपून तसाच गेलो होतो. अंगाला ग्रीसचा वास होता म्हणा. शेजारच्या गृहस्थांनी मधे एक खुर्ची सोडली. सोडू दे, पाय पसरायला जागा झाली.

प्राध्यापकांनी एका अमेरिकन पाहुण्याचा अनुभव रंगवून सांगितला. पाहुणा लंडनला गेला, पार्लमेंटच्या गॅलरीत बसला, बुधवारी दुपारी बाराला पंतप्रधानाला प्रश्न विचारायचा जो अर्धा तास असतो तो त्यानं पाहिला आणि दिपला. हिरवे बाक. समोरासमोर दोन बाजू. मधल्या गालिच्यावर दोन तांबड्या रेघा, म्हणे दोन तलवारींचं अंतर राखून आखलेल्या. एकाच्या तोंडून वाक्य सुटायची खोटी, दुसऱ्याचं उत्तर तयार. आरडाओरडा, हशा, पण शिवी नाही. सगळे एकमेकांना 'ऑनरेबल मेंबर', 'ऑनरेबल जंटलमन'. आमच्या अमेरिकन काँग्रेसात सदस्य रिकाम्या बाकांना भाषण वाचून दाखवतात, आमचा प्रेसिडेंट तर प्रश्नांना उत्तरं द्यायला सभागृहात येतच नाही, असं म्हणून पाहुणा हळहळला.

इथपर्यंत ठीक. पाहुण्यानं पाहिलं ते सांगितलं. मग प्राध्यापकांनी कागद मिटले, चष्मा काढला आणि स्वतःचं सुरू केलं. ''आणि आपल्याकडे? आपल्याकडे सभागृहाचा मासळीबाजार झालाय. का झाला? सभागृहात कोण जातंय ते बघा.''

'कोण' या शब्दावर ते थांबले. हॉलात खुसखुस झाली. राखीव जागा हे शब्द त्यांनी तोंडातून काढले नाहीत. काढायची गरजच नव्हती. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीलासुद्धा कळलं.

मी उभा राहिलो. म्हटलं, ''सर, एक विचारायचंय.'' म्हणाले, ''प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या.'' दिली. त्यांनी चार चिठ्ठ्या वाचल्या. माझी खिशात घातली. चिठ्ठीवर एकच ओळ होती:

सर, कुठला अमेरिकन?

ती ओळ आता इथं मोठी करून लिहितो. इथं चिठ्ठी खिशात घालणारा कोणी नाही.

एक अमेरिकन मला ठाऊक आहे, ज्यानं १८४६च्या सुमाराला लंडनमध्ये पार्लमेंटचे वक्ते ऐकले. पील, डिझरायली, कॉबडेन, ब्राइट, तिकडे लॉर्डांच्या सभागृहात ब्रूम. १८३४ साली जुनं पार्लमेंट जळालं होतं, नव्याचं बांधकाम चालू होतं आणि कारभार तात्पुरत्या दालनांत चालायचा. त्या वर्षी भांडण चाललं होतं धान्यावरच्या जकातीचं. परदेशी धान्यावर जकात ठेवून जमीनदारांचं गव्हाचं पीक महाग विकायचं आणि मजुराची भाकरी महाग करायची, असा तो कायदा. १८४६ला तो मोडला. या अमेरिकनालासुद्धा ती भाषणं आवडली. ब्रूमचं बोलणं त्याला भरधाव आगगाडीच्या शेजारी उभं राहिल्यासारखं वाटलं. म्हणजे कौतुक यानंही केलं. पण हा अमेरिकन कायद्यानं माणूस नव्हता. तो मालकाचा माल होता. पळून आलेला माल.

त्याचं नाव फ्रेडरिक डग्लस.

जन्म १८१८, मेरीलँड. बाल्टिमोरच्या जहाजबांधणीच्या कारखान्यात तो कामाला होता. जहाजाच्या फळ्यांमधल्या फटीत जुन्या दोराचा काथ्या ठोकून वर डांबर ओतायचं, ते त्याचं काम. तिथल्या गोऱ्या सुतारपोरांनी त्याला घेरून मारलं, एक डोळा जाता जाता वाचला. मालक त्याला घेऊन मॅजिस्ट्रेटकडे गेला. त्याला बिचाऱ्याला आपल्या मालाचं नुकसान झाल्याचं दुःख. मॅजिस्ट्रेट म्हणाला, गोरा साक्षीदार आणा. काळ्याची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नाही. ज्याचा डोळा फुटायला आला होता तो समोर उभा होता, रक्त दिसत होतं, पण त्याचं तोंड कायद्याला दिसत नव्हतं.

१८३८ला तो पळाला. न्यू बेडफर्ड बंदरात गेला. पहिलं काम मिळालं ते तेलाची पिंपं गलबतात रचायचं. दोस्तांनो, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक पालथं ठेवून चहा मारून आलो. होल्डमध्ये माल रचणं काय असतं ते मला कुणी सांगायला नको. पुढे त्यानं तिथं आपल्या हातच्या कसबाचं काम मागितलं, तर गोरे कारागीर म्हणाले, हा आला तर आम्ही हत्यारं खाली ठेवतो. दिवसाला दोन डॉलरचं काम गेलं, एक डॉलरची हमाली उरली. गोऱ्या कामगारानं काळ्या कामगाराला कामावरून उठवलं. मुंबईच्या गिरण्यांत साच्याखात्यात आपल्या बापजाद्यांना घेत नव्हते, कारण तुटलेला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा आणि विटाळ व्हायचा. तिथं रंग, इथं थुंकी. कामगार एकजुटीची व्याख्यानं देणाऱ्या कॉम्रेडांनी ही दोन वाक्यं जवळजवळ ठेवून वाचावीत.

या माणसाला भाषण करायला कुणी शिकवलं? लहान गुलाम पोर असताना पन्नास सेंट साठवून त्यानं भाषणांचं एक जुनं पुस्तक विकत घेतलं होतं. त्यात इंग्लंडच्या पार्लमेंटात गाजलेल्या वक्त्यांची भाषणं होती. पिट, फॉक्स. पोटमाळ्यावर, गल्लीत, चोरून ती पाठ केली. आता बघा गंमत. ज्या पार्लमेंटाची भाषणं गुलामाच्या पोरानं चोरून पाठ केली, त्याच पार्लमेंटाचे वक्ते पंधरा वर्षांनी तो प्रत्यक्ष ऐकतोय. आणि त्याच्या स्वतःच्या देशात त्याला पकडून परत नेलं तर ते कायदेशीर. १८४५ साली त्यानं आपली कहाणी मालकाच्या नावानिशी छापली, म्हणून तर त्याला समुद्र ओलांडावा लागला. बोटीवर केबिन दिली नाही. खालच्या वर्गात टाकला. वर प्रवासात भाषण करायला लागला तर दक्षिणेकडचे अमेरिकन त्याला समुद्रात फेकायला निघाले. कप्तानानं बेड्यांची धमकी दिली तेव्हा थांबले.

सर, हाही अमेरिकनच. यानंही इंग्लंडचा वादविवाद पाहिला. तुमच्या पाहुण्याला दिसलं ते यालाही दिसलं आणि शिवाय काही दिसलं. ते काय ते सांगतो, पण त्याआधी तिसरा एक अमेरिकन मधे आणतो, कारण तुमचं प्रेम कुठं जाऊन पोचतं ते त्याच्यावरून कळतं.

वुड्रो विल्सन. जन्म व्हर्जिनिया, गुलामांच्या मालकांचा मुलूख. इंग्लंडच्या पार्लमेंटाचा एवढा भक्त की कॉलेजात असताना त्यानं पार्लमेंटाच्या धर्तीवर वादविवाद मंडळ काढलं. १८८५ साली पुस्तक लिहिलं. त्यात तक्रार अशी की अमेरिकन काँग्रेसाचं खरं काम कमिट्यांच्या बंद खोल्यांत चालतं, खुला वाद होत नाही, इंग्लंडात बघा कसं होतं. तेव्हा इंग्लंड त्यानं डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं, १८९६ला पहिल्यांदा पाहिलं. ते पुस्तक लिहिताना तो शिकत होता बाल्टिमोरला. तेच बाल्टिमोर, जिथं डग्लसनं डांबर ओतलं. १९१३ला विल्सन प्रेसिडेंट झाला. शंभरावर वर्षं कुठलाही प्रेसिडेंट काँग्रेसपुढे स्वतः उभा राहून भाषण करत नव्हता, यानं ती चाल पुन्हा सुरू केली. वा! आणि त्याच वर्षापासून त्याच्या राज्यात सरकारी कचेऱ्यांत काळे कारकून वेगळे काढायला लागले. वेगळी बसायची जागा, मधे पडदे, वेगळे संडास.

नोव्हेंबर १९१४. काळ्यांचं शिष्टमंडळ व्हाइट हाउसला गेलं. बोलायला होता विल्यम मन्रो ट्रॉटर, वर्तमानपत्राचा संपादक, हार्वर्डचा पदवीधर. त्यानं विचारलं, तुम्ही मत मागताना न्याय देतो म्हणालात, मग हे काय? विल्सनला राग आला. मुद्द्याचा नाही, सुराचा. तुझी बोलायची पद्धत मला अपमानकारक वाटते, तुमच्या मंडळींना परत यायचं असेल तर दुसरा बोलणारा आणा, अशा अर्थाचं तो बोलला आणि शिष्टमंडळाला वाट दाखवली.

सगळा जन्म ज्यानं खुल्या वादविवादाची आरती ओवाळली, त्याला खुला वादविवाद भेटायला घरी आला तर दार बंद!

हे 'सुराचं' प्रकरण आपल्याला नवं आहे का? ''तुमचा मुद्दा बरोबर आहे हो, पण सूर...'' शाळेपासून ऐकतोय. निबंधात, अर्जात, युनियनच्या मीटिंगमध्ये, कवितेला तर विचारूच नका. ज्याच्या पायाखाली गालिचा आहे त्यानं ओरडलं की ती हजरजबाबी, आणि उन्हात उभ्या माणसानं ओरडलं की तो मासळीबाजार.

बरं, मासळीबाजाराचं काढलंच आहे तर बोलून घेऊ. माझं कामाचं ठिकाण भाऊच्या धक्क्यापासून लांब नाही. पहाटे लिलाव ऐकत मी पाळीवरून घरी येतो. कोळणींचं तोंड चालतं ते खरं. पण सर, मासळीबाजारात शिळ्या पापलेटाला कोणी माननीय म्हणत नाही. गिऱ्हाईक कल्ला उघडून बघतं, लाल नसला तर तोंडावर म्हणतं, बाई, हा कालचा आहे. आणि बाई म्हणते, तुला दिसतंय ना, मग नको घेऊ. संपलं.

लंडनच्या सभागृहात हे चालत नाही. तिथला नियम असा की एका सदस्यानं दुसऱ्याला खोटारडा म्हणायचं नाही. सगळे माननीय, आणि माननीय माणूस खोटं बोलेल कसा? २२ जुलै २०२१. डॉन बटलर नावाची काळी खासदार बाई उभी राहिली, जमैकाहून आलेल्या आईबापांची मुलगी. म्हणाली, हा पंतप्रधान, बोरिस जॉन्सन, या सभागृहाशी आणि देशाशी पुन्हा पुन्हा खोटं बोललाय, लोकांचे जीव गेलेत. अध्यक्षांच्या खुर्चीवरून सांगितलं, शब्द मागे घ्या. तिनं घेतला नाही. तिला दिवसभरासाठी बाहेर काढलं. पुढे जून २०२३मध्ये त्याच पार्लमेंटाच्या समितीनं निकाल दिला की जॉन्सननं सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली. टाळेबंदीत सरकारी घरात पार्ट्या झाल्या, त्याबद्दल. सभागृहानं ३५४ विरुद्ध ७ मतांनी तो निकाल मानला. तिनं बोट ठेवलेलं खोटं वेगळं होतं, माणूस तोच. तोवर तो राजीनामा देऊन घरी गेला होता.

म्हणजे खोटं बोलणारा बाकावर, खोटं म्हणणारी बाहेर. ही ती संस्कृती. आपल्या गावात पाटलाला पाटील म्हणायचं, मग त्यानं काही केलेलं असो. हीच रीत इंग्रजीत बोलली की तिला संस्कृती म्हणतात.

आता 'सभागृहात कोण जातंय' याचं बघू. त्या सभागृहात १८२९पर्यंत कॅथलिकाला बसता येत नव्हतं. रॉथशिल्ड नावाचा ज्यू १८४७ला निवडून आला, शपथेतले ख्रिस्ती शब्द उच्चारीना म्हणून १८५८ उजाडेपर्यंत बाहेर. तोही कोण, तर इंग्लंडच्या सरकाराला कर्ज देणाऱ्या घराण्यातला! खासदारांना पगार सुरू झाला १९११ला. त्याआधी ज्याच्या घरात शेतजमिनीचा खंड येत होता तोच तिथं बसून बोलू शकत होता. हमालानं पाळी बुडवून बसायचं म्हटलं तर चूल कुणी पेटवायची? गॅलरीत बसून बघणाऱ्या बायकांसमोर लोखंडी जाळी होती, ती निघाली १९१७ला. आणि बाहेरून बघायला येणाऱ्याला तिथल्या कागदोपत्री 'स्ट्रेंजर' म्हणत, परका, अगदी २००४पर्यंत. गॅलरीचं नावच स्ट्रेंजर्स गॅलरी. ज्यांच्या नावानं राज्य चालवायचं तेच परके.

हे परके काय करत होते? १८४२ साली चार्टिस्ट कामगारांनी मताचा हक्क मागणारा अर्ज नेला. तीस लाखांवर सह्या. कागदाचं बाड एवढं मोठं की दारातून आत जाईना, तोडून तुकड्यांनी न्यावं लागलं. मागणी साधी होती, आमची माणसं तुमच्यासमोर येऊन बोलतील, ऐकून घ्या. सभागृहानं २८७ विरुद्ध ४९ मतांनी नाही म्हटलं. ऐकणारसुद्धा नाही! त्यातल्या काही चार्टिस्टांना डग्लस लंडनला भेटला. म्हणून म्हणतो, त्याला पाहुण्यापेक्षा जास्त दिसलं. त्याला वक्ता दिसला आणि दाराबाहेर उभा असलेला मजूरही दिसला.

धान्याची जकात मोडणारा जॉन ब्राइट, डग्लसचा मित्र, मोठ्या मनाचा माणूस, गुलामगिरीचा कट्टर शत्रू. पण स्वतः गिरणीमालक. गिरणीत बाया-पोरांना दहा तासांवर राबवू नका असा कायदा आला तेव्हा हा विरोधात. स्वातंत्र्य आलं की ते मालकाच्या गिरणीच्या गेटपर्यंत येतं, हे आपल्याला माहीत आहे.

आणि आता पैसे. सगळ्या हजरजबाबीच्या खाली हिशोबाची वही असते, ती उघडू.

१८३३ला याच पार्लमेंटानं गुलामगिरी बंद केली. इंग्रज हे सांगताना अजून छाती फुगवतो. नुकसानभरपाई किती दिली? दोन कोटी पौंड. कुणाला? मालकांना. गुलामांना दमडी नाही. उलट बहुतेकांना 'उमेदवार' असं नाव देऊन आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे फुकट राबवलं, ते संपलं १८३८ला. या भरपाईसाठी काढलेलं कर्ज इंग्लंडचं सरकार फेडत राहिलं ते २०१५पर्यंत. म्हणजे लंडनमध्ये बस चालवणारा जमैकन, ज्याच्या पणज्याच्या पणज्याला विकलं होतं, तो कर भरून त्याला विकणाऱ्याचं देणं फेडत होता. विल्यम ग्लॅडस्टन, पुढे चारदा पंतप्रधान झालेला थोर वक्ता, त्यानं तरुणपणी सभागृहातलं पहिलं मोठं भाषण केलं ते बापाच्या मळ्यांची बाजू घेत. बापाला लाखावर पौंड मिळाले. आणि गुलाम सुटल्यावर मळ्यात राबायला कोण? त्याच बापानं हिंदुस्थानातून मजूर मागवले. १८३८ला दोन जहाजं कलकत्त्याहून ब्रिटिश गियानाला गेली. गिरमिटियांची ती पहिली खेप तिकडे.

आणखी एक. १८३३चा कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला लागू नव्हता. भाषणं सगळ्या मानवजातीबद्दल, कलम मात्र आपल्याला वगळून. इथं वेगळा कायदा आला १८४३ला. म्हणजे डग्लस इंग्लंडात पोचायच्या फक्त दोन वर्षं आधी.

डग्लसची किंमत किती ठरली ठाऊक आहे? इंग्लंडातल्या दोन बायकांनी वर्गणी काढून १८४६ला त्याला विकत घेतलं आणि सोडलं. दीडशे पौंड. मालकांना दोन कोटी देणाऱ्या देशात एका वक्त्याला माणूस करायला वर्गणी काढावी लागली. आणि १८४७ला परत जाताना पहिल्या वर्गाचं तिकीट काढलं होतं, तरी बोटीवर त्याची जागा नाकारली. इतकी भाषणं, इतक्या टाळ्या, आणि बोटीची पायरी चढताना पुन्हा काळा तो काळाच.

जोतीबांनी १८७३ला 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केली. इंग्लंडच्या पार्लमेंटाला केली नाही. जोतीबांना विचारायला आता येत नाही, पण मला वाटतं त्यांनी नेमका 'कुठला अमेरिकन' ते बघून निवडला.

मी एवढ्या जुन्या गोष्टी काढतोय म्हणून कोणी म्हणेल, बाबा, आता बदललंय. बदललंय की. १३ मार्च २०२४. बुधवार. तोच अर्धा तास, ज्याच्यावर पाहुणा भाळला. विषय डायअ‍ॅन अ‍ॅबट. १९८७ला निवडून आलेली इंग्लंडची पहिली काळी खासदार बाई. सत्ताधारी पक्षाला कोट्यवधी पौंड देणारा एक धनवान तिच्याबद्दल बोललेलं छापून आलं होतं, की तिला पाहून सगळ्या काळ्या बायकांचा तिरस्कार करावासा वाटतो, तिला गोळी घातली पाहिजे. सभागृहात गदारोळ. पंतप्रधान बोलला, विरोधी नेता बोलला, इतर पक्षांचे बोलले. पैसे परत करा, नाही करणार, माफी मागितली, पुरेशी नाही. वाक्याला वाक्य, टोल्याला टोला. गॅलरीत कोणी अमेरिकन असेल तर खूश झाला असेल.

आणि ती बाई बाकावर होती. तिथं बोलायचं असेल तर उभं राहायचं, अध्यक्षाची नजर गेली तर बोलायला मिळतं. ती उभी राहिली. बसली. पुन्हा उभी राहिली. मोजणाऱ्यांनी मोजलं, सेहेचाळीस वेळा. अध्यक्षानं एकदाही नाव घेतलं नाही. वेळ संपली म्हणे.

सेहेचाळीस वेळा! पाठीला मालाचं ओझं घेऊन सेहेचाळीस वेळा फळी चढणारा माणूस मला कळतो. पण आपल्याला गोळी घाला म्हणणाऱ्याबद्दल इतरांनी वाद घालायचा आणि आपण नुसतं ऊठबस करायची, हे ओझं कुठल्या फळीवर चढवायचं?

आपल्याला हे दृश्य ओळखीचं आहे. गोलमेज परिषद उघडली १२ नोव्हेंबर १९३०ला, ती लॉर्डांच्या सभागृहाच्याच रॉयल गॅलरीत. बाबासाहेब तिथं होते, मद्रासचे रेट्टमलई श्रीनिवासन होते. आणि पुढच्या वर्षी गांधी लंडनला येऊन म्हणाले, अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी मीच. बाबासाहेब समोर बसलेले असताना! तुमच्याबद्दल आम्ही छान बोलू, तुम्ही खाली बसा. फरक इतकाच की बाबासाहेब खाली बसले नाहीत.

आणि जात? जातीवरही बोलले ते. २०१३ साली लॉर्डांच्या सभागृहात दुरुस्ती आली, की इंग्लंडच्या समानतेच्या कायद्यात जात हे भेदभावाचं कारण म्हणून घाला. इंग्लंडात आपली माणसं आहेत, रविदासी, वाल्मीकी, बौद्ध. देवळात, कारखान्यात, लग्नात त्यांना जात विचारतात, आणि विचारणारे आपलेच देशबांधव. खालच्या सभागृहानं दुरुस्ती फेटाळली, लॉर्डांनी पुन्हा धरून ठेवली, शेवटी सरकार नमलं. 'घालू शकतं' होतं तिथं 'घातलंच पाहिजे' झालं. बाहेर आपल्या लोकांनी आनंद केला. मग? पाच वर्षं विचारविनिमय. जुलै २०१८ला सरकारनं जाहीर केलं, वेगळं कलम नको, कोर्टात कोणाला दाद मागायची तर मागेल. एक शब्द, जात, एवढा. तो छापायला पाच वर्षांत शाई मिळाली नाही. त्या सवर्ण संघटनांनी तिकडे काय सूर लावला होता? हिंदूंची बदनामी होते. म्हणजे सूर पुन्हा!

ही भाषणं लॉर्डांच्या सभागृहातली होती हे विसरू नका. त्याच लॉर्डांनी जुलै १९२०मध्ये जालियनवाल्याच्या डायरची बाजू घेणारा ठराव १२९ विरुद्ध ८६ मतांनी पास केला होता. तीही भाषणं उत्तम इंग्रजीत झाली.

माझा एक जिवलग दोस्त हे सगळं ऐकून म्हणाला, ''मग लेका, पेटवून दे ना ती पार्लमेंटं सगळी. आपलीही. थोतांड आहे.'' त्याचं रक्त गरम आहे, माझंही आहे. पण इथं मी त्याच्याशी भांडलो, रात्री दोनपर्यंत, कँटीनच्या मागे. कारण बाबासाहेबांनी हे दोन्ही नमुने डोळ्यांनी पाहिले होते. न्यूयॉर्कला शिकले, लंडनला शिकले. ४ नोव्हेंबर १९४८ला घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेचा आणि इंग्लंडचा नमुना शेजारी ठेवून हिशोब केला. अमेरिकेच्या पद्धतीत सरकार टिकतं जास्त, जबाब देतं कमी. इंग्लंडच्या पद्धतीत टिकायची खात्री कमी, पण जबाब रोज द्यावा लागतो. प्रश्न, ठराव, अविश्वास, तहकुबी, यांनी रोजच्या रोज झडती. दोन्ही एकदम मिळत नाहीत, म्हणून आपण जबाबदारी निवडली. यात कुठं हजरजबाबी आहे? कुठं हिरवे बाक आहेत? बाबासाहेबांनी तिथून उचलली ती झडती. तलवारीच्या रेघा तिथंच ठेवल्या.

मी दोस्ताला म्हटलं, तू गोदीत कंत्राटावर आहेस. महिन्याला पगार कापला जातो, कशाचा ते कळत नाही. मुकादमाला विचारलं तर म्हणतो, कंत्राटदाराला विचार. कंत्राटदार तुला कधी दिसला का? त्याला दर बुधवारी बाराला अर्धा तास आणून उभा केला, आणि आपण शंभर जणांनी विचारलं, बोल, तर तू ते पेटवशील की धरून ठेवशील? तो हसला. म्हणाला, ''तो बुधवारी आजारी पडेल.'' ते खरं आहे. पण मग आजारी का पडला ते विचारायचं गुरुवारी.

म्हणून सर, तुम्ही ज्याला संस्कृती म्हणता त्यातलं आम्हाला काय हवं ते आम्हाला ठाऊक आहे. पंतप्रधानाला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, एवढं आम्हाला हवं. कुणी विचारावं आणि कुठल्या सुरात, हे ठरवायचा मक्ता तुम्हाला कुणी दिला? राखीव जागेवरून गेलेला आमचा माणूस सभागृहात मुका बसला तर त्याला आम्ही सोडत नाही, त्याच्यावर याच मासिकात दोनदा लिहिलंय, पुढेही लिहू. पण त्याचं तोंड उघडलं म्हणून सभागृह बाटलं असं म्हणणार असाल तर तुम्ही बाल्टिमोरच्या त्या मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीत बसलाय. गोरा साक्षीदार आणा!

प्राध्यापकांचं दुसरं व्याख्यान पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी त्याच हॉलात, संध्याकाळी साडेपाचला आहे. माझी त्या दिवशी पहिली पाळी, तीनला सुटतो. बॅलार्ड पियरच्या बाजूची पोरं माझ्याबरोबर येणार आहेत. वरळी, नायगाव, माटुंगा लेबर कँप, ज्याला जमेल त्यानं यावं. चिठ्ठ्या कोणी लिहायच्या नाहीत. एकेकानं उभं राहायचं, प्रश्न तोंडानं विचारायचा, खाली बस म्हटलं की बसायचं आणि पुन्हा उभं राहायचं. मोजायला मी वही आणतो.